नोंद कमी करण्यापूर्वी

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मालकाचे नाव आणि क्षेत्र सगळेच वाचतात. त्या नावांच्या उजव्या बाजूला 'कुळ, खंड व इतर अधिकार' असा एक रकाना असतो. बोलण्यात त्याला नुसते 'इतर हक्क' म्हणतात. तगाई, बंडिंग, सोसायटीचा इकरार, बँकेचा बोजा, 'कलम 43 च्या बंधनास पात्र', 'खाजगी वन', 'संपादित', 'तुकडा', 'विहिरीत हिस्सा', 'जाण्यायेण्याचा रस्ता' असे शेरे तिथे एकाखाली एक साठत जातात, आणि शेजारी भोगवटादाराच्या नावामागे कुठे अ.पा.क., कुठे ए.कु.मॅ. अशी आद्याक्षरे चिकटलेली असतात. वडगाव, कामशेत, तळेगाव, कार्ला, लोणावळा या पट्ट्यात जमिनीची मागणी वाढली तशी या शेऱ्यांची अडचण वाटू लागली. घेणाऱ्याला सातबारा 'क्लिअर' हवा असतो, कर्ज देणाऱ्या बँकेला तो स्वच्छ हवा असतो आणि विकणाऱ्याला तो लवकरात लवकर तसा करून हवा असतो. यातली कोणती नोंद कमी करणे निर्धोक आहे, कोणती नाही आणि हे ठरवायचे कशावरून, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो फक्त वकिलांचा आणि महसूल कार्यालयाचा नाही. मावळातल्या ज्या कुटुंबाकडे भाताचे एखादे खाचर किंवा डोंगरउताराचा एखादा वरकस तुकडा आहे, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि ती दोन्ही चुकीची आहेत. पहिले उत्तर असे की नोंद जुनी झाली म्हणजे ती निरुपयोगी झाली, तेव्हा काढून टाकावी. दुसरे असे की सरकारी कागदावरच्या ओळीला हात लावूच नये, राहिली तर बिघडते काय. पहिल्याने माणसांचे हक्क पुसले जातात. दुसऱ्याने मेलेल्या कर्जाचे ओझे नातवंडांच्या डोक्यावर राहते. माझे म्हणणे असे की वय ही कसोटीच नव्हे. नोंद कोणाच्या तरी हक्काची किंवा कोणावर तरी असलेल्या बंधनाची खूण असते. तो हक्क किंवा ते बंधन संपल्याचा कागद आहे का, आणि ज्याचा तो हक्क होता त्याला विचारले आहे का, हे दोन प्रश्न ठरवतील तेच खरे. दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर काल घातलेली नोंदही कमी करावी. एकाचेही 'नाही' असेल तर शंभर वर्षांची नोंदही राखावी.

नोंदी साठल्या कशा, हे समजल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत. मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा पहिला कायदा 1903 चा. पुढे 1913 मध्ये ही व्यवस्था जमीन महसूल संहितेत आली आणि आज ती महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या दहाव्या प्रकरणात आहे. नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही, नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद. सात आणि बारा एकाच कागदावर आले म्हणून सातबारा. मावळात या कागदावर एकेका काळाने आपली खूण ठेवली आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वळवण आणि शिरवत्याचे तलाव झाले आणि 1915 मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. पाठोपाठ आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण उभे राहिले. 1948 च्या कुळकायद्याने कसणाऱ्याचे नाव कागदावर पक्के केले आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कूळ मालक मानले जाऊ लागले. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, त्यांत महार वतनेही होती, आणि परत मिळालेल्या जमिनींवर नवीन शर्त, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर न करण्याची अट, आली. 1970 च्या दशकाच्या आरंभी पवना धरण झाले, त्यानंतर द्रुतगती मार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत आणि आता महानगर प्राधिकरण. एका गट नंबरावर यातले तीन-चार थर सहज सापडतात.

आधी निर्धोक नोंदी पाहू, कारण त्यांची संख्या खरोखर मोठी आहे. तगाई म्हणजे सरकारने शेतीसाठी दिलेले कर्ज. त्याचे मूळ 1883 आणि 1884 च्या कायद्यांत आहे. बंडिंगचा बोजा 1942 च्या जमीन सुधारणा योजना कायद्यातून आला. बांधबंदिस्ती सरकारने केली आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या नावे पडला. सोसायटीचा इकरार सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 48 खालचा. ही कर्जे बहुधा कधीच फिटलेली असतात. कर्ज फिटले की शेतकऱ्याने सोसायटीकडून बेबाकी दाखला आणायचा, तलाठ्याकडे द्यायचा आणि फेरफार पडून नोंद कमी व्हायची, ही रीत. पण फिटल्यावर दाखला आणायला कोणाला निकड नसते. निकड येते ती विक्रीच्या किंवा वाटपाच्या वेळी, आणि तोवर संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असते किंवा तिचे दप्तर सापडत नाही. अशा नोंदींत हक्क फक्त कर्ज देणाऱ्याचा असतो, तो संपल्याचा पुरावा एका दाखल्यात मावतो आणि तिसऱ्या कोणाचे काही बुडत नाही. शासनाने 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. तिच्या पहिल्या टप्प्यात मृतांच्या जागी वारसांची नावे लावण्यावर भर होता, पुढे अशा कालबाह्य नोंदी कमी करण्याचे काम हाती घेतले गेले. ते योग्यच होते आणि आधीच व्हायला हवे होते.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप वारला, मूल लहान, म्हणून आईचे किंवा चुलत्याचे नाव पालनकर्ता म्हणून लागले. ते मूल आज साठीत असते आणि शेरा तसाच असतो. जन्माचा किंवा शाळेचा दाखला दाखवून तो काढता येतो आणि काढावाही. पण इथेच पहिली खबरदारी सुरू होते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर तो व्यवहार अज्ञानाच्या सांगण्यावरून रद्द होऊ शकतो आणि सज्ञान झाल्यावर त्यासाठी त्याला तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे शेरा आज निरर्थक असला तरी तो ज्या काळात उभा होता त्या काळातला प्रत्येक व्यवहार त्याच्याच प्रकाशात वाचावा लागतो. उताऱ्यावरून शेरा जाऊ द्यावा. तो कधी लागला आणि कधी निघाला हे सांगणारे दोन फेरफार मात्र हाताशी असले पाहिजेत.

खरा धोका पुढच्या आद्याक्षरांत आहे. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पाच भावंडांच्या जमिनीवर थोरल्याचे एकट्याचे नाव लागले आणि त्यामागे ही तीन अक्षरे आली. बाकीच्या चौघांचा हक्क कागदावर कुठे असेल, तर तो या तीन अक्षरांत. शेरा जुना आहे, कुटुंब कधीच वेगळे झाले आहे, थोरलाही हयात नाही, असे म्हणून नुसती अक्षरे खोडली की उरते ते एकच नाव, आणि ते नाव आता मॅनेजरचे नसून मालकाचे दिसते. धाकट्यांचे वारस आणि बहिणी एका खोडीत कागदाबाहेर जातात. महाराष्ट्राने 1994 च्या दुरुस्तीने मुलींना सहदायादाचा हक्क दिला, 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर आला, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने येतो, 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट त्याला नाही. मावळातल्या ज्या लेकी सासरी गेल्या आणि ज्यांची नावे वारस नोंदीत कधी आलीच नाहीत, त्यांच्या बाजूने बोलणारा जुना कागद पुष्कळदा हा शेराच असतो. म्हणून ए.कु.मॅ. नुसते 'कमी' करता येत नाही. त्याच्या जागी सगळ्या हिस्सेदारांची नावे लावूनच तो काढायचा असतो. एक शेरा जातो आणि दहा नावे येतात. हीच ती नोंद कमी करण्याची एकमेव प्रामाणिक पद्धत.

कुळकायद्याच्या आणि सत्ताप्रकाराच्या नोंदींचे वळण वेगळे आहे. 32-ग खाली किंमत ठरली, ती भरली, 32-म चे प्रमाणपत्र मिळाले आणि कूळ मालक झाले. पण उताऱ्यावर 'कलम 43 च्या बंधनास पात्र' ही ओळ राहिली, म्हणजे परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला 10 वर्षे झाली असतील तर आकाराच्या 40 पट नजराणा भरून, इतर अटी पाळून, पूर्वपरवानगीशिवाय व्यवहार करता येतो. बंधन संपवण्याचा रस्ता कायद्यानेच दिला आहे. त्या रस्त्याने गेल्यावर ओळ काढणे निर्धोक. आदिवासी जमिनीचे तसे नाही. मावळात ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजाच्या जमिनी आहेत. महसूल अधिनियमाच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे 6 जुलै 1974 नंतर अशी जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, आणि त्याआधी गेलेल्या काही जमिनी परत देण्यासाठी 1974 चा स्वतंत्र कायदा आहे. या निर्बंधाचा शेरा कमी करण्याचा आग्रह अनेकदा ज्याचे संरक्षण व्हायचे त्याच्या नावाने धरला जातो, पण त्यामागची घाई त्याची नसते. लोणावळ्याच्या आसपास जिथे एका गुंठ्याचा भाव माणसाच्या वर्षाच्या कमाईच्या कितीतरी पट आहे, तिथे ही ओळ म्हणजे गरिबाच्या जमिनीला असलेली शेवटची कडी आहे. ओळ राखली तर त्याच्या हातून एखादा व्यवहार जाईल. पुसली तर जमीनच जाईल.

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून असे वाटेल की मी नोंदी राखण्याच्याच बाजूचा आहे. तसे नाही, आणि वनाची नोंद त्याचा पुरावा आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झाला आणि वन कायद्याच्या कलम 35(3) खाली जुनी नोटीस निघालेल्या जमिनी सरकारजमा झाल्याचे मानून त्यांच्या उताऱ्यांवर 'खाजगी वन' असे शेरे घेतले गेले, पुष्कळ ठिकाणी तर काही दशकांनंतर. 30 जानेवारी 2014 रोजी गोदरेज अँड बॉइस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोटीस नुसती निघणे पुरेसे नाही. ती बजावली गेली पाहिजे, तिच्यावर पुढे काही झाले पाहिजे, आणि 1950 च्या दशकातली पडून राहिलेली नोटीस 1975 मध्ये जिवंत धरता येत नाही. म्हणजे इथे सरकार ज्या नोंदीला जिवंत म्हणत होते ती मृत निघाली. कसोटी दोन्ही बाजूंना सारखीच लागते. मात्र या निकालाचा अर्थ 'वन' असा प्रत्येक शेरा खोटा, असा कोणी घेऊ नये. सह्याद्रीच्या उतारावर खरे जंगल आहे, त्याला इतर कायद्यांचे संरक्षण आहे, आणि प्रत्येक गटाची नोटीस, तिची बजावणी आणि पुढची कारवाई वेगवेगळी तपासल्याशिवाय या निकालाचा आधार घेता येत नाही.

याच्या उलट दाखला नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आहे. 1976 चा हा कायदा रद्द होणे महाराष्ट्राने 29 नोव्हेंबर 2007 पासून स्वीकारले. पुणे आणि इतर नागरी समूहांत ज्या जमिनींना कलम 20 खाली अटींवर सूट मिळाली होती, त्यांच्या मालकांना वाटले की कायदाच गेला, तर अटीही गेल्या. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तसे मानले नाही. सूट घेताना मान्य केलेल्या अटी कायदा रद्द झाल्यावरही टिकतात असे त्याने ठरवले. हा धडा मावळालाही लागू आहे. ज्या कायद्याने नोंद आली तो कायदा मेला म्हणून नोंद मरतेच असे नाही, आणि कायदा जिवंत आहे म्हणून नोंद जिवंत असतेच असेही नाही. प्रत्येक ओळीमागचा हक्क वेगळा शोधावा लागतो.

संपादनाच्या नोंदींत हा शोध मावळात सर्वांत महत्त्वाचा ठरतो. रस्त्यासाठी, धरणासाठी, कालव्यासाठी गटाचा काही भाग गेला, निवाडा झाला, 'इतर हक्क'मध्ये ओळ आली. पण क्षेत्रातला बदल दाखवणारे कमी-जास्त पत्रक झाले नाही, पोटहिस्सा मोजला गेला नाही, म्हणून भोगवटादाराचे क्षेत्र जुनेच राहिले. अशा वेळी ती ओळ कमी केली तर जी जमीन प्रत्यक्षात डांबराखाली किंवा पाण्याखाली आहे ती कागदावर विकाऊ होते. नंतर जो फसतो तो बहुधा आयुष्याची पुंजी घालून छोटा प्लॉट घेणारा असतो. दुसरी बाजू धरणग्रस्तांची. पवना धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा राज्याचा पुनर्वसनाचा 1976 चा कायदा अस्तित्वातच नव्हता, आणि पर्यायी जमिनीची मागणी पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आली. आपण प्रकल्पग्रस्त आहोत हे सिद्ध करायला त्या कुटुंबांकडे असतात ते संपादनापूर्वीचे उतारे आणि संपादनाचे फेरफार. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकऱ्यांचा बळी गेला, ही घटना मावळ विसरलेला नाही. जमिनीवरच्या नोंदीमागे माणसे किती खोलवर गुंतलेली असतात हे या तालुक्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून संपादनाची नोंद कधीच नुसती कमी होऊ नये. क्षेत्र दुरुस्त व्हावे, नवा गट किंवा हिस्सा पडावा, आणि जुन्या ओळीचा माग त्या नव्या कागदावरून लागावा.

हा प्रश्न आता संगणकाचाही झाला आहे. हस्तलिखित सातबारा होता तेव्हा तलाठी नाव खोडत नसे. नावाला कंस करत असे आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत असे. कंसातले नाव वाचता येई, म्हणजे काय गेले आणि कोणत्या फेरफाराने गेले हे उघड दिसे. दर दहा-एक वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन होई. त्यात कंसातल्या नोंदी पुढे येत नसत, आणि कधीकधी नजरचुकीने जिवंत नोंदीही मागे राहत. संगणकीकरणात हीच अडचण एकदम सगळ्या राज्यात उभी राहिली. म्हणून 2017 मध्ये गावोगावी चावडीवाचन करून संगणकातला उतारा हस्तलिखिताशी ताडून पाहावा लागला, आणि त्यानंतर 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. संगणकाच्या जगात याला एक अगदी जवळचा दाखला आहे. विंडोज प्रणालीत बहुतेक सेटिंग्ज आणि बसवलेल्या प्रोग्रामची माहिती रजिस्ट्री नावाच्या साठ्यात असते. तिथे निरुपयोगी दिसणाऱ्या नोंदी साफ करणारी अनेक साधने विकली गेली, मायक्रोसॉफ्टने स्वतःचेही एक काढले आणि मागे घेतले, आणि आज ती कंपनी अशा सफाईच्या साधनांना पाठिंबा देत नाही. कारण सरळ आहे: एखाद्या नोंदीवर दुसरे काय अवलंबून आहे हे त्या नोंदीकडे पाहून कळत नाही, आणि चूक झाली तर लक्षात यायला वेळ लागतो. म्हणून जाणकार तिथे हात घालण्याआधी प्रत काढून ठेवतात, कोणत्या नोंदीने कोणते काम चालते हे शोधतात आणि एका वेळी एकच नोंद काढतात. जमिनीच्या नोंदीला हाच नियम लागतो. फरक इतकाच की इथे बिघडते ते माणसाचे घर, आणि ते पुन्हा बसवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने येतो आणि तो खरा आहे. जुन्या शेऱ्यांपायी कर्ज अडते, वाटप अडते, वडगावच्या तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि प्रत्येक खेट्यात कोणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवावे लागण्याची भीती असते. काळजीपूर्वक तपासा असे सांगणे म्हणजे ही अडवणूक लांबवणे नव्हे काय? माझे उत्तर असे की अडवणूक तपासणीमुळे होत नाही. पुराव्याचे ओझे चुकीच्या खांद्यावर टाकल्यामुळे होते. कर्ज फिटले हे बँकेला आणि सोसायटीला माहीत असते, तर नोंद कमी करण्याची मागणी त्यांच्याकडूनच यायला हवी. ई-हक्क प्रणालीत बँकांना बोजा चढवण्याची आणि कमी करण्याची विनंती ऑनलाइन करण्याची सोय आहे. ती चढवताना जितक्या तत्परतेने वापरली जाते तितकीच उतरवताना वापरली जावी, असा आग्रह धरणे हे खरे काम आहे. तगाई आणि बंडिंगचे दप्तर शासनाकडेच आहे. तिथे शेतकऱ्याने पुरावा आणावा असे म्हणणेच अन्यायाचे. निर्धोक नोंदी सरसकट जाव्यात, यात दुमत नाही. सरसकटीची हद्द मात्र जिथे तिसऱ्याचा हक्क सुरू होतो तिथे थांबली पाहिजे.

दुसरा आक्षेप कायद्याचा जाणकार घेईल. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. मग नोंद गेली म्हणून हक्क कसा जाईल? तत्त्वतः जात नाही. पण महसूल अधिनियमाचे कलम 157 सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद येईपर्यंत, खरी मानली जाईल. म्हणजे नोंद गेली की हक्क जात नाही, पण तो सिद्ध करण्याचे ओझे दुसऱ्या खांद्यावर जाते. ज्याच्याकडे वकील आहे आणि वेळ आहे त्याला ते पेलते. कामशेतच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बहिणीला, आंदर मावळातल्या कातकरी कुटुंबाला ते पेलत नाही. दिवाणी न्यायालयातला हक्क आणि हातात आलेला मोबदला यांत वर्षांचे अंतर असते, आणि संपादनाच्या मोबदल्याची नोटीस आधी उताऱ्यावरच्या नावालाच जाते.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे ठरवायला अधिकारी आहेत. कलम 155 प्रमाणे लेखनप्रमाद दुरुस्त करता येतात, तेव्हा सामान्याने यात डोके का घालावे? कलम 155 नीट वाचले तर उत्तर त्यातच आहे. ते कलम लेखनातल्या चुकांपुरते आहे, किंवा संबंधित पक्षांनी चूक म्हणून मान्य केलेल्या चुकांपुरते. आणि अधिकाऱ्याला तपासणीत चूक दिसली तरी पक्षांना नोटीस देऊन, हरकती निकाली काढल्याशिवाय तिला दुरुस्त करता येत नाही. सहा ऐवजी नऊ पडले, आडनाव चुकले, क्षेत्राचा दशांश सरकला, ही त्याची कामे. हक्क कोणाचा हे ठरवण्यासाठी ते कलम नाही, आणि त्याच्या आधाराने हक्कच फिरवण्याचे प्रयत्न झाले म्हणून न्यायालयांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागले. कलम 150 खालच्या फेरफारालाही चावडीवर नोटीस, हितसंबंधितांना कळवणे, हरकतीची मुदत आणि मगच मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन हे टप्पे आहेत. हे टप्पे नागरिकासाठीच आहेत. त्याने ते वाचले नाहीत तर कायद्याने दिलेली राखण रिकामी राहते.

म्हणून या पुस्तकात एकच पद्धत शिकवली आहे आणि ती कोणत्याही शेऱ्याला लागू पडते. शेऱ्यासमोरचा फेरफार क्रमांक शोधावा. त्या फेरफाराची नक्कल काढावी आणि तो कोणत्या आदेशाने, खरेदीखताने, निवाड्याने किंवा वर्दीने पडला ते पाहावे. तो आदेश शक्य तर मुळातून वाचावा, कारण उताऱ्यावरच्या चार अक्षरांत आदेशाच्या अटी मावत नाहीत. मग त्या ओळीने कोणाला काय मिळाले आणि कोणाला काय मनाई झाली हे कागदावर लिहून काढावे. तो हक्क किंवा ती मनाई संपल्याचा कागद जोडावा. शेवटी, ज्यांची नावे आपल्या यादीत आली त्या सगळ्यांना नोटीस गेली पाहिजे असे अर्जातच लिहावे, मग ती नावे आपल्या सोयीची असोत वा नसोत. लोणावळ्यासारख्या नगरपरिषद हद्दीत, जिथे नगर भूमापन होऊन मालमत्ता पत्रक तयार झाले आहे, तिथे आणखी एक काम आहे: बंद झालेल्या सातबाऱ्यावरची प्रत्येक ओळ मालमत्ता पत्रकावर आली का, हे ताडून पाहणे. एका कागदावरून दुसऱ्यावर जाताना रस्त्याचा आणि विहिरीचा हक्क गळून पडणे सोपे असते, आणि कुंपण पडल्यावर तो परत मिळवणे अवघड. शासनाने 2025 मध्येच शेतरस्ते 'इतर हक्क'मध्ये नोंदवण्याचा निर्णय घेतला, याचा अर्थही हाच की हा रकाना अडगळीचा नाही. शेजाऱ्याच्या शेतापर्यंत जाण्याची वाट जिथे लिहून ठेवायची ती ही जागा आहे.

नोंद कमी करणे हा सफाईचा प्रकार नाही, तो निर्णय आहे, आणि निर्णयाला कारण लागते. म्हणून वाचकांकडे आणि महसूल यंत्रणेकडेही माझी एकच मागणी आहे. प्रत्येक कमी केलेल्या नोंदीच्या फेरफारात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: हक्क कोणत्या कागदाने संपला, नोटीस कोणाकोणाला गेली आणि हरकत आली असल्यास तिचे काय झाले. या तीन ओळी असतील तर चुकीची नोंदही पुढच्या पिढीला दुरुस्त करता येईल. त्या नसतील तर बरोबर काढलेल्या नोंदीवरही संशय राहील. या पुस्तकातली प्रत्येक प्रकरणवार तपासणी याच तीन ओळींपर्यंत वाचकाला नेते. तिथवर पोहोचल्यावर सही करायची की नाही, हे त्याचे त्याला कळेल.